तेविसाव्या रकान्यातली माणसं

धोबीतलावाशी ट्राम थांबली ती थांबलीच. पुढून मोर्चा येत होता. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’च्या गजरात ट्राममधली माणसं खिडक्यांतून बाहेर वाकली. सरोजिनी विजयकरने मात्र मांडीवरचं पुस्तक उघडलं... आणि त्यातलं एक लांबट, पिवळसर कार्ड घसरून समोरच्या तरुणाच्या चपलेवर पडलं.

त्याने ते उचललं, उजेडाकडे धरलं आणि एका भोकातून सरळ तिच्याकडेच पाहिलं.

“हे उंदरांनी कुरतडलंय, की मुद्दाम?”

“मुद्दाम. द्या इकडे.”

“आधी सांगा, काय आहे ते. ट्राम काही हलत नाही.”

सरोजिनीला राग यायला हवा होता. पण त्याच्या डोळ्यांत थट्टेपेक्षा कुतूहल जास्त होतं. ती फोर्टातल्या एका सरकारी आकडेवारी कचेरीत पंच ऑपरेटर होती. चाळीतल्या एकेका खोलीचा फॉर्म यायचा. फॉर्मातली माहिती ती कार्डावर भोकं पाडून उतरवायची. मग मशीन हजारो कार्डं काही मिनिटांत वेगळी करून मोजायचं, आणि त्या आकड्यांवरून कमिटी ठरवणार होती, नवे पाण्याचे नळ कुठल्या वस्तीला द्यायचे ते.

“म्हणजे चाळींची पाहणी!” तो ताठ बसला. “भोईवाड्याचे फॉर्म मीच भरलेत. जगदीश घाडी. तिथल्या शाळेत शिकवतो. दोन महिने जिने चढून पाय मोडले माझे. माणसं कुठे आहेत यात?”

“तेविसाव्या रकान्यात. हे भोक म्हणजे सहा माणसं.”

“आणि दहा असली तर?”

तिने त्याच्या हातातल्या कार्डाकडे पुन्हा पाहिलं. रकान्यात एकच आकडा मावत होता.

“आमच्या आईची खाणावळ आहे,” तो म्हणाला. “गिरणीतली माणसं पाळ्या करून झोपतात. एका खोलीत चौदा. ती त्या भोकात बसवून दाखवा, तुमच्या मशीनला नमस्कार करीन.”

ट्राम हलली. कार्ड तिच्या हातात देऊन तो ठाकूरद्वारला उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत शिरताच तिने सूचनांचा कागद काढला. ‘आकडा दोन अंकी असल्यास शेवटचा अंक घ्यावा.’ म्हणजे चौदाचे चार. अकराचा एक! तिच्याच बोटांनी माणसं गाळली होती, आणि दर महिन्याला वेगाबद्दल तिला शाबासकी मिळत होती.

ती तडक तळपदे साहेबांकडे गेली.

“अहवाल टाइप झालाय,” साहेब म्हणाले. “शुक्रवारी कमिटीपुढे जातो. चूक आहे म्हणतेस, पण केवढी? नुसत्या ‘चूक आहे’ला कमिटी विचारत नाही.”

“भोईवाड्याचे मूळ फॉर्म पंच झाल्यावर तिथल्या शाळेत परत गेलेत. मला तीन दिवस दुपारची सवड द्या, साहेब.”

चष्म्यावरून तिच्याकडे बघत साहेबांनी मान हलवली.

शाळेच्या दारात जगदीश उभा होता. बोटांना खडू लागलेला.

“या. वाटलंच होतं, याल.”

“तुमच्यासाठी नाही आले.”

“माहीत आहे. चौदा जणांसाठी आलात.”

पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे मुडपून दोघं बसली. तो फॉर्म वाचायचा, ती लिहून घ्यायची. पण तो नुसता आकडा सांगेल तर शपथ!

“दगडू मेस्त्री. दोघं भाऊ, बायका, पोरं, शिवाय गाववाले चार. त्यातला एक बासरी वाजवतो...”

“घाडी मास्तर, बासरीला माझ्याकडे रकाना नाही.”

“मग एक ठेवा ना. जागा दिसतेय.”

ती हसली नाही. म्हणजे, त्याला दिसेल असं हसली नाही.

दुसऱ्या दुपारी एक फॉर्म ताडून पाहायला दोघं त्याच्या चाळीत गेली, तेव्हा जिन्यात त्याची वहिनी भेटली, अंबिका. सातवा महिना, कमरेवर भरलेला हंडा. पहाटेपासून नळाशी नंबर लावून आत्ता कुठे तिला पाणी मिळालं होतं. सरोजिनीने हट्टाने हंडा घेतला. दुसऱ्या मजल्यावरच हंडा हिंदकळून तिच्या निऱ्या भिजल्या. मागून आलेल्या जगदीशने हंडा काढून घेतला. तिसऱ्या मजल्यापर्यंत मग तोच पुढे चढला.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या गठ्ठ्यातल्या शेवटच्या फॉर्मवर दोघांचे हात एकदम पडले.

“हा... वाचून झाला?” तिने विचारलं.

“हो. झाला.”

हात मात्र कुणी उचलला नाही.

बेरीज आली. सहाशे बारा खोल्यांत नऊहून जास्त माणसं. खोलीमागे दहा तरी गळालेली. एकट्या भोईवाड्यातून सहा हजारांवर माणसं नाहीशी झाली होती!

गुरुवारी सकाळी साहेबांनी कागद नीट वाचले. जगदीश दाराशी उभा होता.

“फॉर्मांवर सह्या याच्या. आणि हा मोर्चांत पुढे असतो म्हणे,” साहेब म्हणाले. “कमिटी म्हणेल, समितीवाल्याने आकडे फुगवले.”

जगदीशचा चेहरा उतरला. “माझं नाव काढा, साहेब. पण आकडे राहू द्या.”

“नाव कशाला काढायचं?” सरोजिनीचा आवाज चढला. “साहेब, कुठलेही वीस फॉर्म तुम्ही डोळे मिटून काढा. आणि त्या खोल्यांतली माणसं स्वतः मोजा. एक जरी चुकला, तर मी राजीनामा देते.”

कचेरीतले टाइपरायटर एकाएकी गप्प झाले. साहेब उठले. मग त्यांनी खुंटीवरचा कोट काढला.

कामावर गेलेली माणसं विचारून धरली, आणि एकोणीस खोल्या जुळल्या. विसावी निघाली ती गंगुबाईंची, जगदीशच्या आईची. आठजण भिंतीशी पथारीवर घोरत होते, बाकीचे जेवत होते. साहेबांनी बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं.

“पंधरा. घाडी, फॉर्मात चौदा लिहिलेत. एक जास्त भरतंय.”

गंगुबाई भाताचा हात तसाच धरून हसायला लागल्या. “अवो सायबानू, तुमी त्या चेडवाक पण मोजलात! तां पावनां आसा.” मग लेकाकडे तिरका डोळा करून म्हणाल्या, “आजून तरी.”

सरोजिनी कानापर्यंत लाल झाली. जगदीश खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा बघू लागला. साहेब खाकरले.

“बरं... मग सध्या चौदाच लिहितो.”

अहवाल तीन आठवडे थांबला. माणसांना दोन रकाने मिळाले. भोईवाडा, लालबाग, भायखळा, सगळीकडची गर्दीच्या खोल्यांची कार्डं नव्याने पाडली गेली. भोईवाड्याची सरोजिनीने मागून घेतली. या वेळी तिची बोटं सावकाश चालली. आधीच्या यादीत नसलेल्या भोईवाड्याला आठ नळ मंजूर झाले. जगदीश बाराची आशा धरून होता.

“बाकीचे चार?”

“भांडू,” ती म्हणाली.

मार्चमधल्या एका संध्याकाळी दोघं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसली होती. समुद्राचा वारा येत होता. जगदीश बराच वेळ घड्याळाची किल्ली फिरवत होता.

“सरोजिनीबाई, मी चळवळ सोडणार नाही. चाळही सुटेलसं वाटत नाही. एक विचारायचं होतं... पण तुमच्या घरी—”

“घरी मी सांगितलंय.”

“काय सांगितलंत? मी अजून विचारलंच नाही!”

“तुमच्या विचारण्याची वाट बघायची तर पुढची जनगणना उजाडेल.”

तो पुरता तिच्याकडे वळून बसला. “तुमचे वडील काय म्हणाले?”

“दोन दिवस बोललेच नाहीत. आईने जेवायला बोलावलं तरी पेपर खाली करीनात.” तिने पेपर धरल्यासारखे हात समोर धरले. “तिसऱ्या दिवशी पेपराआडूनच विचारलं, ‘मुलगा मासे खातो का?’ म्हटलं, मालवणकडचा आहे. तर म्हणाले, ‘ही माणसं माशांत नारळ फार घालतात. त्याला एकदा आपलं भुजणं खाऊ घातलं पाहिजे.’”

जगदीश मोठ्याने हसला. मग त्याने मान फिरवली आणि डोळ्यांवरून पटकन हात फिरवला.

“कधी येऊ?”

“रविवारी. बारा वाजता ये.”

‘ये’ म्हणून गेल्यावर ते तिच्याच ध्यानात आलं. तिने ओठ चावला.

“काय म्हणालीस?” त्याने अगदी हळू विचारलं.

वाऱ्याने उडणारा पदर तिने मुठीत धरला, आणि त्याच्याकडे सरळ पाहत म्हणाली,

“ये.”