उजवा हात

फ्रान्समधल्या दिजोंत घुबडाला कोणी अशुभ म्हणत नाही. नोत्र-दाम चर्चच्या भिंतीतलं वीतभर दगडी घुबड तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी इतकं झिजलंय, की त्याला नाक-डोळेच उरले नाहीत. काळजाच्या बाजूचा, म्हणजे डावा हात लावायचा आणि मनातलं मागायचं. माझं त्याच गल्लीत औषधांचं दुकान आहे. असल्या प्रकारांना मी नाक मुरडते.

पण माझा नवरा रेजिस रंगीत कौलं बसवताना छपरावरून पडला आणि शुद्धीवर येईना. डॉक्टर माझी नजर टाळू लागले. सासूबाई, ओदील, मागेच लागल्या.

"हात लावलास तर झिजशील का?"

"घुबड झिजलंय की, आई."

"तुझी जीभ मात्र झिजत नाही. जा."

बुडत्याला काडीचा आधार. दुपारी पाव घेऊन परतताना गेले. डाव्या काखेत पाव होता, म्हणून उजवा हात टेकवला. ऐन डिसेंबरात दगड कोमट लागला.

"नवरा घरी येऊ दे," म्हटलं.

संध्याकाळी तो शुद्धीवर आला आणि नाताळाआधी घरी. मी आनंदाने ढसाढसा रडले.

मग एकेक दिसू लागलं. तो पाव डाव्या हाताने कापायचा. आजारपणाने होत असेल, म्हटलं. गालावरचा तीळ डावीकडचा उजवीकडे गेला होता. माझंच चुकत असेल, म्हटलं. रविवारी जेवणानंतर नेहमीसारखं त्याच्या छातीवर डोकं ठेवलं. काही ऐकू आलं नाही. ठोके दुसऱ्या बाजूला पडत होते.

सासूबाईंना सांगितलं.

"हात कुठला लावला होतास?"

"उजवा."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग हा कोण आणलास घरात?"

"आता काय करू?"

"डावा लावून माग. आपला माग."

मला भीती वाटत होती. पण त्याहून जास्त मला माझा रेजिस हवा होता.

डावा हात टेकवला. दगड बर्फासारखा गार होता.

"माझा रेजिस दे."

घरी आले तर फोन वाजत होता. इस्पितळातली नर्स होती.

"मॅडम, तुमचे पती आत्ताच शुद्धीवर आले. पडल्यापासून आज पहिल्यांदा बोलले. तुम्हालाच हाका मारताहेत, लवकर या."

मी फोन ठेवला.

"कोण होतं?" मागून रेजिसने विचारलं.

मी वळले. त्याने दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.