खांद्यावर दोन थापा

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण "बायकोला पंपावर विसरला" म्हणून दात काढू नका. आमच्या पाहुण्यारावळ्यांनी ते आधीच भरपूर काढलेत.

सत्यम माझा आतेभाऊ. नांदेडात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आणि हे रात्रीबित्री घडलेलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, लोह्याच्या पुढं माळाकोळीजवळच्या एका पेट्रोल पंपावर घडलं.

आधी गाडीचं सांगतो.

सत्यमला कॉलेजपासून इटलीच्या मोटारसायकलींचं वेड. शेवटी हैदराबादेतून एक जुनी, लालभडक गाडी आणलीच. दिसायला अशी की रस्त्यावरची पोरं थांबून बघायची. पण सांभाळायला...

नांदेडात कोणी मिस्त्री तिला हात लावायला तयार होईना. इंजिनाचा एक बेल्ट इटलीहून यायचा, तोवर गाडी चादर पांघरून उभी. गर्दीत अडकलं की मांड्या भाजायच्या. क्लच दाबला की डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट. आणि साइड स्टँड तर महाभामटा. गाडी जरा सरळ झाली की स्प्रिंगनं आपोआप वर जायचा आणि गाडी धाडकन आडवी. टाकीला पोचे पडले, सत्यमच्या नडगीलाही पडले.

सगळे रविवार त्या गाडीतच गेले. त्याची बायको वर्षाराणी, माहेर लातूर. ती बिचारी फार बोलायची नाही. एकदा मात्र बोललीच.

"इतकं तिचं करता. पण तुमच्या त्या गाडीवर मला बसायला जागासुद्धा न्हाई."

खरंच नव्हती. मागच्या सीटवर फायबरचं झाकण होतं, नट आवळून बसवलेलं. गाडी विकणारा म्हातारा निघताना सत्यमला म्हणाला होता, "पीछे किसी कू बिठाना नक्को." सत्यमला वाटलं, गाडीवर लोड येईल म्हणून सांगतोय.

वर्षाच्या चुलतबहिणीचा साखरपुडा लातूरला ठरला. बायकोला गाडीवरूनच न्यायचं म्हणून सत्यमनं ते झाकण काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर...

मागचे फुटरेस्ट खाली होते. मागं बसणाऱ्यानं पाय ठेवायचे, ते.

त्यानं ते दुमडून वर केले.

संध्याकाळी परत खाली.

वैतागून त्यानं गाडी पंढरी मिस्त्रीकडं नेली. हा पंढरी निदान वरवरचं काम तरी करायचा. त्यानं मागचे शॉकअप दाबून पाहिले. "सर, कायम डबल सीट फिरता का? लई दबलेत."

"अरे, एकटाच असतोय मी."

"मग तुमचा हेडलाइट झाडाच्या शेंड्यावर कामून जायलाय?"

सत्यमनं शॉकअप आवळून घेतले. मागची बाजू दबलेली ती दबलेलीच.

साखरपुड्याच्या दिवशी दोघं निघाली. त्या इंजिनाच्या आवाजात आणि हेल्मेटात एकमेकांचं काही ऐकू यायचं नाही. म्हणून त्यांनी एक खूण ठरवली. वर्षानं नीट बसल्यावर त्याच्या उजव्या खांद्यावर दोन थापा मारायच्या. मगच त्यानं गाडी काढायची.

"अहो, मागं सरकायला जागाच न्हाई," बसल्या बसल्या वर्षा म्हणाली. "कुणाला तरी चिकटून बसल्यासारखं वाटायलंय."

"सीटच तसली हाय तिची. बस आता गपचूप."

लोहा यायच्या आधीच गाडी बंद पडली. वर ऊन, खाली तापलेलं डांबर. सत्यम फ्यूज काढतोय, घालतोय, शिव्या देतोय. वर्षाच्या नव्या साडीला ऑइल लागलं.

"एसटीनं गेले असते तर आतापर्यंत जेवून बसले असते मी."

"मग जायचं होतंस. कोण धरलं होतं?"

वर्षानं तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसलं, पण तो गाडीवरच इतका भडकला होता, की बायकोला सॉरी म्हणायचंही सुचलं नाही. लातूरला पोचेपर्यंत हिला हसवायचं, नाहीतर ही माहेरीच राहते, एवढं मात्र त्याला कळलं होतं.

गाडी कशीबशी चालू झाली. माळाकोळीजवळ पंप आला. वर्षा रागातच उतरली आणि मागच्या बाथरूमकडं गेली. दोघांचे फोन तिच्याच पर्समध्ये होते. सत्यमनं पेट्रोल भरून गाडी बाजूला लिंबाच्या सावलीत घेतली. इंजिन चालूच ठेवलं, बंद केलं तर परत चालू होईल याचा भरवसा नव्हता.

थोड्या वेळानं...

गाडी मागून दबली.

खांद्यावर दोन थापा पडल्या.

सत्यमनं गियर टाकला आणि निघाला.

तो सांगतो, त्या दिवशी गाडी पळाली तशी आधी कधीच पळाली नव्हती. खडखड नाही, मांड्यांना चटका नाही. मागचा हात खांद्यावर तसाच होता. त्याला बरं वाटलं. हात ठेवलाय म्हणजे राग उतरलाय.

अहमदपूर मागं पडलं. त्याला राहवेना. हेल्मेटची काच वर करून तो मोठ्यानं बोलला, "वर्षा, चुकलं माझं. ह्या गाडीपायी मी तुझ्याकडं बघितलंच न्हाई. गाडी विकून टाकतो. आणि तुला सोडून मी कुठंच जाणार न्हाई. शब्द दिला."

खांद्यावरचा हात...

घट्ट झाला.

शिरूर ताजबंदला रसवंती दिसली. वर्षाला रस फार आवडतो. थांबल्यावर गाडी मागून हलकी झाली, वर्षा उतरली असं समजून त्यानं स्टँड लावला, हेल्मेट काढत पुढं गेला आणि म्हणाला, "दोन ग्लास. एकात बर्फ नको."

रसवाला त्याच्या मागं बघत म्हणाला, "दुसरा कुणाला, सर?"

सत्यम वळला.

सीटवर कोणी नव्हतं. रस्त्यावरही कोणी नव्हतं. मागचे फुटरेस्ट खाली होते.

आणि स्टँड... वर गेलेला होता.

गाडी नुसती उभी होती. सरळ. कुणी धरून ठेवावी तशी.

तो बघत असतानाच ती आडवी झाली.

रसवाल्यानं हात लावून गाडी उचलायला मदत केली. सत्यम तसाच उलटा पंपावर गेला. वर्षा तिथं नव्हती. तिनं भावाला, लखनला, फोन केला होता. तो लोह्यालाच होता, तो तिला कारनं लातूरला घेऊन गेला होता.

लातूरला मांडवात सगळे खदखदून हसत होते. वर्षा हसत नव्हती. तिनं सत्यमला आतल्या खोलीत नेलं.

"कोण होती ती?"

"कोण?"

"मी बाहेर आले तवा तुमच्या मागं बसली होती. मी ओरडले. तुम्ही बघितलं न्हाई. तिनं बघितलं. मान वळवून बघितलं माझ्याकडं."

सत्यमनं आईची शपथ घेतली, काय काय सांगितलं. काही उपयोग नाही. वर्षा माहेरीच राहिली. तो नांदेडला एकटा परतला. बिनकामाचा बदनाम झाला होता, आणि खरं सांगायची सोय नव्हती. कोणापुढं सांगणार?

शेवटी तो पंपाच्या मॅनेजरच्या पाया पडायचा बाकी राहिला, तेव्हा कॅमेऱ्याचं चित्रण बघायला मिळालं. लखन आणि वर्षाला त्यानं बोलावून घेतलं.

पडद्यावर सावलीत गाडी. सत्यम पुढं बघत बसलेला. मागची सीट रिकामी.

"बघ, हाय का कोणी?" सत्यम म्हणाला.

तेवढ्यात रिकाम्या सीटखाली... गाडी मागून दबली.

मागचे फुटरेस्ट एकेक करून खाली आले.

गाडी निघाली. मागून वर्षा धावत आली, दोन्ही हात हलवत. आणि मग जागीच थबकली.

लखननं स्क्रीन बंद केली. तो सगळ्यात जास्त हसला होता. वर्षानं सत्यमचा हात धरला आणि त्याच दिवशी नांदेडला आली.

सत्यमनं झाकण परत आवळून बसवलं आणि गाडी हैदराबादच्या एका डीलरला मिळेल त्या भावात देऊन टाकली. साधी, इथलीच मोटारसायकल घेतली. थापांची खूण बंद केली. वर्षा मागं बसली की तोंडानं सांगायची, "बसले मी, वर्षा." नावासकट.

वर्ष-दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मुलगी झाली.

गेल्या महिन्यात बाळाला डोस देऊन दोघं दवाखान्यातून निघाली. अकरा वाजायचे असतील, रस्ता माणसांनी भरलेला. वर्षा बाळाला घेऊन मागं बसली.

"बसले मी, वर्षा."

सत्यमनं क्लच दाबला...

खांद्यावर दोन थापा पडल्या. उजव्याच.

तो हलला नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"वर्षा, तू मारलीस का थाप?"

"मी कशी मारू? दोन्ही हात बाळाखाली हायेत माझे."

सत्यमनं गाडी बंद केली. माय-लेकीला रिक्षात बसवून दिलं आणि स्वतः गाडी ढकलत घरी निघाला. सपाट रस्ता, साधी हलकी गाडी. पण घरी येईपर्यंत त्याला धाप लागली. मागं कुणी बसलंय अशी जड लागत होती, म्हणाला.

हे त्यानं मला परवा सांगितलं. मी म्हणालो, "अरे, पण ती गाडी तर विकलीस ना?"

त्यानं उजवा खांदा चोळला.

"दोन गोष्टी बोललो होतो मी त्या दिवशी रस्त्यानं. गाडी विकतो म्हणलो, ती विकली. दुसरी काय बोललो होतो, आठवतंय ना तुला?"

मला आठवत होतं. "तुला सोडून मी कुठंच जाणार न्हाई."

निघताना तो सवयीनं म्हणाला, "चल, बसस्टँडपर्यंत सोडतो." गाडी दारातच उभी होती. मी नको म्हणालो आणि चालत निघालो.