आत चार, सगळे ठीक

जयराज मोहिते त्या दिवशी ड्युटीवर निघाला तेव्हा बायकोनं, राजनंदिनीनं, त्याला दोनदा बजावलं की येताना पोरीसाठी निळा चार्ट पेपर आणा, शाळेत लागतोय. त्यानं हो म्हटलं, मफलर गुंडाळला आणि वसाहतीच्या चौकात जीपची वाट बघत उभा राहिला. डिसेंबरची थंडी होती. दरीतून धुकं वर चढत होतं आणि समोरचा डोंगर निम्माच दिसत होता.

कोयनानगरच्या पुढं, घाट उतरायला लागला की त्याच डोंगराच्या पोटात भैरवदऱ्याचं वीजघर आहे. लहानसंच. डोंगरात अर्धा मैल शिरलेला बोगदा, त्याच्या तोंडाशी लोखंडी गेट आणि पार शेवटाला कंट्रोल रूम. वार्षिक दुरुस्तीसाठी मशिनं आठवडाभर बंद होती. एरवी तिथं इतकी घरघर असते की माणसाला आपलाच आवाज ऐकू येत नाही. मशिनं थांबली की मात्र डोंगर ऐकू येतो. कुठं पाणी ठिबकतं, कुठं खडक कुरकुरतो, आणि ओल, ग्रीस, जुनं तेल यांचा एक वास घशाशी येऊन बसतो तो बसतोच.

जयराज सतरा वर्षं फौजेत सिग्नलला होता. संदेश आपला नसतो, तो वाचत बसायचं नसतं, जसाच्या तसा पुढं द्यायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं. इथलं कामही तसलंच. कंट्रोल रूमच्या पलीकडं पाणी निचरायची एक अरुंद गॅलरी आहे. तिच्यात दादासो आणि त्याची तीन माणसं काम करत होती. दादासो आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा गडी. आत किती माणसं आहेत ते दर अर्ध्या तासानं गेटवरच्या नाथाजीला कळवायचं आणि नाथाजीनं ते वहीत लिहायचं, असा नियम होता. मोबाईलला आत रेंज नाही, फोन ओलीनं केव्हाच मेलेला. गॅलरीची लाईन वेगळी, गेटची वेगळी. दोन्ही भेटायच्या त्या फक्त जयराजच्या कॉम्प्युटरवर. चॅटच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या असायच्या. डावीकडं गॅलरी, उजवीकडं गेट. डावीकडून मजकूर उचलायचा, उजवीकडं चिकटवायचा. बस्स.

सात वाजता डावीकडं उमटलं, ‘आत चार. सगळे ठीक.’ जयराजनं उचललं, चिकटवलं. साडेसातला, आठला, साडेआठला, नऊला तेच. मधल्या वेळात तो थर्मासमधला चहा घोटघोट पीत बसला.

साडेनऊला गेटकडून उलट विचारणा आली. पाचवा कोण म्हणून नाथाजी विचारत होता. वहीत चारच सह्या होत्या.

जयराजनं पहिल्यांदाच दोन्ही खिडक्या नीट वाचल्या. डावीकडं होतं ‘आत चार’. त्यातूनच उचललेलं उजवीकडं होतं ‘आत पाच’. त्याला वाटलं, आपलीच काहीतरी गफलत. त्यानं या वेळी मजकूर उचलला नाही, हातानं टाईप केला. आ, त, चा, र. चारदा वाचला. एंटर दाबलं. ओळ वर सरकली आणि सरकता सरकताच चारचे पाच झाले.

मग त्यानं दादासोला विचारलं, आत नक्की किती जण? दादासोनं लिहिलं की चारच हाय, हितं पाचव्याला उभं ऱ्हायला तरी जागा हाय का. आणि नाथाजीची खात्री पटावी म्हणून चौघांची नावं एकाखाली एक लिहून पाठवली.

जयराजनं ती नावं उचलली आणि उजवीकडं चिकटवली. चार नावं गेली. पाचवं त्यांच्याखाली आपसूक उमटलं. जयराज मोहिते.

गेटची खिडकी लगेच हलली.

‘जयराज, तूबी आत गेलास व्हय? मग मेसेज कोन पाठवतंय?’

त्यानं भराभर टाईप केलं, ‘आण्णा, मी इथंच आहे, कंट्रोल रूममध्ये.’ एंटर दाबलं. ओळ वर गेली.

‘आण्णा, आम्ही इथंच आहोत, कंट्रोल रूममध्ये.’

त्यानं खुर्ची गर्रकन फिरवली. मागं कुणी नव्हतं. भिंतीलगतची राखाडी कपाटं होती, बंद पडलेलं घड्याळ होतं, आणि त्याचाच चहाचा कप. कपातल्या चहावर बारीक तरंग उठत होते, जसं कुणीतरी जवळून हळू पावलांनी चालत गेलं असावं.

नाथाजीचं त्यावर एवढंच आलं की बरं, मग तुझंबी नाव गॅलरीवाल्यांत धरतो.

त्यानंतर जयराजनं पुष्कळ खटपट केली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. इंग्रजीत लिहून पाहिलं, नुसता आकडा टाकून पाहिला. प्रत्येक वेळी जे त्याच्या हातून निघे त्यात वर पोचेपर्यंत एकाची भर पडे. उठून गेटपर्यंत चालत जावं आणि तोंडानं सांगून यावं असंही त्याच्या मनात आलं. पण आत माणसं असताना खुर्ची सोडायची नाही हा नियम होता, आणि सतरा वर्षांत त्यानं जागा सोडलेली नव्हती. आपण जागा सोडली आणि नेमकी तेव्हाच गॅलरीत दरड कोसळली तर... तो बसून राहिला. पुढं कितीतरी दिवस त्याला याचाच राग येत असे.

दीड वाजता दादासोनं कळवलं की काम उरकलं, निघतोय. गॅलरीला गेटाजवळ उघडणारी स्वतंत्र वाट आहे. टोळी तिकडून बाहेर पडते आणि मग नाथाजी कंट्रोल रूमला निरोप देतो, तू ये आता. जयराजनं डबा भरला, मफलर घेतला आणि त्या निरोपाची वाट बघत उभा राहिला.

निरोप आला.

‘पाची जन भाईर आले. पाची सह्या झाल्या. गेट लावतो.’

‘थांबा, मी आत आहे.’

‘थांबा, आम्ही आत आहोत.’ ओळ तशी वर गेली आणि खाली उत्तर आलं नाही.

जयराज धावत सुटला. अर्धा मैल. डोक्यावरचे दिवे जळत होते तोवर त्याला धीर होता. गेट दिसायला लागलं, फटीतून पांढऱ्या उजेडाची एक रेघ दिसली, आणि तेवढ्यात दिवे गेले. नियमानं बाहेरूनच खटका पाडतात. तो चाचपडत गेटापाशी पोचला, पत्र्यावर मुठी आपटल्या, हाका मारल्या. बाहेर जीप आणि तिच्यामागं मोटारसायकल चालू होऊन वळणावरून उतरत गेल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. नाथाजी दुपारचा जेवायला वसाहतीत जातो आणि चारला परततो, हे त्याला आठवलं.

परत येताना त्यानं एक हात भिंतीला लावून ठेवला होता. भिंत गार, ओली. निम्म्या वाटेवर तो दम खायला थांबला, तेव्हा त्याच्यामागची पावलं एक पाऊल उशिरा थांबली.

त्यानं वळून पाहिलं नाही. मुकाट्यानं चालत राहिला.

कंट्रोल रूममध्ये फक्त कॉम्प्युटर जळत होता, बॅटरीवर. आणि डावीकडच्या खिडकीत, जिथं आता कुणीही नव्हतं, तिथं एक नवी ओळ होती.

‘आत एक. सगळे ठीक.’

थोड्या वेळानं खाली आणखी एक ओळ आली.

‘वर पाठव.’

त्याचा हात आपोआप माऊसकडं गेला. आत एक माणूस आहे असं वर कळलं की नाथाजी गेट उघडणारच, तो नियम आहे. बाहेर पडायची एवढीच वाट होती. त्यानं ती ओळ उचललीसुद्धा. आणि चिकटवायच्या आधी त्याचं बोट थांबलं.

त्याच्या हातून गेलेल्या प्रत्येक मजकुरात एकाची भर पडत होती. सकाळी चाराचे पाच झाले आणि पाच जण सह्या करून बाहेर पडले. आता एक म्हटलं तर वर दोन पोचणार. दोघांसाठी गेट उघडणार. आणि जयराजच्या पाठोपाठ...

‘वर पाठव.’

‘वर पाठव.’

बॅटरीचं यंत्र टुक टुक वाजायला लागलं. आता फार वेळ नव्हता. त्याच्या उजव्या कानापाशी हवा किंचित गरम झाली होती, आणि तिला ओल्या दगडाचा वास होता. कुणीतरी त्याच्या खांद्यावरून पडदा वाचत होतं.

जयराजनं उचललेला मजकूर टाकून दिला. गेटच्या खिडकीत टाईप केलं, ‘आत कोणी नाही.’ डोळे मिटून एंटर दाबलं. उघडले तेव्हा ओळ वर सरकली होती.

‘आत एक.’

लगेच पडदा विझला. त्या अंधारात तो किती वेळ उभा होता ते त्याला सांगता येत नाही. कानापाशी कुणीतरी श्वास घेत होतं, एवढंच तो सांगतो. रागावल्यासारखा नव्हे. वाट बघितल्यासारखा.

चारच्या सुमारास दिवे आले. बोगद्यातून नाथाजी येताना दिसला, आणि जयराजवर नजर पडताच तो जागीच थबकला. त्याचा चेहरा पांढराफटक झाला. जवळ यायला तो तयार होईना. शेवटी जयराजच त्याच्याकडं गेला, तेव्हा त्यानं दोन बोटांनी त्याचा दंड दाबून बघितला.

“दोन वाजता मी सोता तुला जीपमधी बसवला रं,” नाथाजी हळूच म्हणाला. “सही केलीस तू. माझ्याकडं बघून हासलास...”

गेटवरच्या वहीत पाचवी सही होती. जयराजचीच. ‘रा’चा काना तो नेहमी तिरका ओढतो, तसाच ओढलेला. ‘आम्ही आत आहोत’ हा निरोपही नाथाजीनं जेवायला जाण्याआधी वाचला होता. पण माणसं डोळ्यांदेखत जीपमध्ये बसलेली. जुना मेसेज उशिरा आला असंल, लाईन कायम तशीच रेंगाळती, असं समजून त्यानं सोडून दिलं होतं. चारला परतल्यावर ‘आत एक’ वाचलं, तेव्हा नियमानं गेट उघडून तो आत आला होता.

जयराजनं पुढचं ऐकून घेतलं नाही. नाथाजीची मोटारसायकल घेतली आणि वसाहत गाठली. दारात राजनंदिनी तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि तो एकटाच का, म्हणून विचारलं.

“मी कवा आलो हुतो घरी?” जयराजनं विचारलं.

“आवं, असं काय करताय? अडीचला आला, जेवला, पडला घटकाभर. मगाशी पोरीला शाळेतनं आनायला गेला न्हवं का तुमीच?”

तो शाळेकडं पळाला. शाळा सुटून अर्धा तास झाला होता. मैदान मोकळं होतं. व्हरांड्याच्या पायरीवर संयोगिता दप्तर मांडीवर घेऊन एकटीच बसली होती. सात वर्षांची पोर, न घाबरता, न रडता, शांत बसलेली. जयराजनं तिला पोटाशी धरलं. कुणी नेलं होतं का, कुठं गेली होतीस का, एकेक विचारलं. ती म्हणाली, कुठं न्हाई, आम्ही हितंच बसलेलो.

घरी आल्यावर राजनंदिनीच्या ध्यानात आलं. सकाळी तिनं पोरीच्या दोन वेण्या घातल्या होत्या, लाल रिबिनी लावून. आता एकच वेणी होती. बारीक, घट्ट, दहाबारा पेडांची, पाठीच्या मधोमध सरळ उतरलेली. रिबीन नव्हती, रबर नव्हता, तरी शेवटाला एक केस सुटत नव्हता. जयराजनं जन्मात कधी वेणी घातली नव्हती.

राजनंदिनीनं कंगवा घेतला आणि पोरीला पुढ्यात ओढून वेणी सोडायला लागली. संयोगितानं मान हिसकावून घेतली. उठली आणि जयराजच्या मांडीवर येऊन बसली, त्याचा अंगठा आपल्या मुठीत धरून.

“ऱ्हाऊ दे आई,” ती म्हणाली. “बाबांनी सांगितलंय, कुनाला सोडू द्यायची न्हाई. ते घरी आले की सोडणार हायत.”