एक गोडांबे

मिरजेच्या त्या मंगल कार्यालयात साखरपुड्याला आलेल्या पाहुण्यांवर आधी गुलाबपाणी शिंपडत आणि मग त्यांच्या मनात कोणाला मारायचं आहे का, ते तपासत. सुरुवातीला क्रम उलटा होता. पण दारात अडवलेले लोक "निदान गुलाबपाणी तरी द्या" म्हणून हुज्जत घालू लागले, तेव्हापासून गुलाबपाणी आधी.

तपासायला दाराशी हेतुमापक टांगलेला असे. आकाराने पोळपाटाएवढा. त्याच्यासमोर तीन सेकंद उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की आत जाऊन पेढा घ्यायचा. सुमंत बोडके हेतुमापन खात्यात निरीक्षक होता, म्हणून नातेवाईक त्याला प्रत्येक कार्याला अगत्याने बोलावत आणि दाराशीच उभा करून ठेवत. त्या रविवारी चाळीसेक हिरवे दिवे झाले आणि करंज्यांचा डबा घेऊन त्याची कुमुदमावशी आली. तांबडा दिवा लागला, भोंगा वाजला आणि पडद्यावर आकडा उमटला : ३.१ गोडांबे.

कोणीतरी सनई बंद केली.

"धूळ बसली असेल रे," मावशी म्हणाली. "फडक्याने पूस जरा."

सुमंतने पुसलं. आकडा ३.२ झाला.

"मग राहू दे. हा डबा तेवढा मुलाच्या आईला दे. म्हणावं, दोन तरी खाल्ल्याच पाहिजेत. एक खाऊन उठल्या तर मी ऐकायची नाही."

डबा कोणीही हातात घेतला नाही. मुलाची आई तर खांबाआड गेली.

एक गोडांबे म्हणजे किती, हे तेव्हा शाळकरी पोरांनाही पाठ होतं. सोळा वर्षांपूर्वी सांगलीच्या एका बागेत प्रसन्न हास्यक्लब भरत असे. विश्वास गोडांबे हे निवृत्त चित्रकला शिक्षक तिथले जुने सभासद. एका सकाळी त्यांनी सर्वांसाठी घरून दुधीचा रस आणला. सभासद पोट धरून वाकले, तेव्हा कार्यक्रमात पोट धरून हसणंच चालू असल्यामुळे बराच वेळ कोणाला संशय आला नाही. चारजण दगावले. गोडांबे मास्तरांनी स्वतः रसाचा थेंबही घेतला नव्हता. कोर्टाला तेवढं पुरलं.

पुरलं नाही ते लोकांना. का केलं, हे कळायला हवं होतं. मास्तरांच्या लहानपणावर एक पुस्तक निघालं, तरुणपणावर दोन. हेतू सापडला नाही.

पुढे मेंदूतल्या विद्युतलहरी दुरून वाचता येऊ लागल्या. समोरच्या माणसाच्या बाबतीत काहीतरी घडवून आणायचंच, अशी ओढ मनात उठली की त्या लहरींना एक ठरावीक वळण मिळतं, असं शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. त्या वळणाला त्यांनी नाव दिलं कारणरेषा. पण मोजायचं तर प्रमाण हवं, आणि खुनाचा हेतू मोजायचा तर प्रमाणही कुप्रसिद्ध हवं. नऊ गाजलेल्या खुन्यांनी यंत्रासमोर बसायला नकार दिला. गोडांबे मास्तर म्हणाले, "या की. बसा. उन्हातून आलात." त्यांना ती सकाळ आठवायला सांगितली. रेषा जिथवर चढली, तो झाला एक गोडांबे. त्यांच्या मनात तेव्हा नेमकं काय होतं, हे कोणी विचारलं नाही. खून झालेले होते. रेषा खुनाचीच असणार.

तेव्हापासून नोकरी, भाड्याचं घर, बँकेचा लॉकर, सगळ्याला हेतुदाखला लागू लागला. एकाच्या वर गेलेल्या माणसाने आठ दिवसांत निरीक्षणगृहात हजर व्हायचं. राज्यातले खून मात्र कमी झाले नव्हते. जे खुनी सापडत त्यांचे दाखले एकजात शून्याच्या आसपासचे. खातं त्यांना अपवाद म्हणे. अपवादांच्या फायलींना आता दुसरं कपाट लागलं होतं.

कुमुदमावशीला नोटीस आली. पुढच्या सोमवारी सकाळी दहा. सोबत दोन साड्या आणि औषधं. निरीक्षणगृहातून दोन वर्षांच्या आत परतलेला माणूस सुमंतने पाहिला नव्हता. परतलेले सांगत, तिथे सगळं ठीक असतं. जेवण भिंतीतल्या खिडकीतून सरकून येतं आणि कोणी कोणाशी बोलत नाही.

सुमंतची आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मावशीनेच त्याला वाढवलं. त्यामुळे तिच्यावर संशय घेणं त्याला फार जड गेलं. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःला थोपवलं आणि मग घ्यायला सुरुवात केली.

"मावशी, तुझा कोणावर राग आहे का?"

"आहे की. तुझ्यावर. सकाळपासून अर्धी भाकरी खाल्लीस."

"तसा नव्हे. खोलवरचा."

"आमटी वाढू?"

"नको."

खात्याचा हातातला मापक त्याने मांडीवर, ताटाखाली लपवला होता. पडद्यावर २.८ आलं.

"घे रे थोडी."

"नको म्हटलं ना."

३.६.

त्या रात्री झोपताना सुमंतने खोलीला आतून कडी घातली. मंगळवारी तो प्रत्येक घास हुंगून तोंडात घालत होता.

"मांजर झालास का रे?" मावशी म्हणाली. "की बाहेरून खाऊन येतोस?"

तो खरोखरच बाहेरून खाऊन येत होता. आणि तो जितका कमी जेवे, तितका आकडा वर जाई. बुधवारी तिने त्याच्या आवडीचं भरलं वांगं केलं, त्याने एकच घेतलं, तर ४.४. चार माणसं मारणाऱ्याच्या चौपटीहून जास्त, आणि सगळं एकट्या त्याच्यासाठी. मावशी आपल्याला संपवणार, याची त्याची खात्री पटली. एवढंच कळेना, की ती संपवायच्या आधी ताट लख्ख का करून घेतेय.

गुरुवारी प्रमाणाची वार्षिक तपासणी होती. दुकानदारांची वजनं दरवर्षी तपासून त्यांच्यावर शिक्का मारतात, तसा गोडांबे मास्तरांवर दरवर्षी शिक्का मारावा लागे. कागदावर, अर्थात. ते कारागृहात एका स्वतंत्र खोलीत असत. तिथलं तापमान कायम बावीस अंश. प्रमाण बदलू नये म्हणून त्यांना वर्तमानपत्र नव्हतं, भेटी नव्हत्या, कोणाचा नवा राग येईल असं काहीही नव्हतं. त्यांचा सुटकेचा अर्ज दोनदा आला होता आणि दोनदा एकच शेरा मारला गेला : प्रमाण सोडून दिल्यास माप कशाशी लावावे? प्रमाणाशी बोलायचं नाही, असाही नियम होता.

सुमंतने यंत्र लावलं. मास्तर नव्वदीच्या घरातले वाटत, होते चौऱ्याहत्तरचे. त्यांनी सवयीने डोळे मिटले, ती सकाळ आठवली. १.००. सुमंतने शिक्का काढला. मास्तरांनी डोळे उघडले आणि उशीखालून कागदात गुंडाळलेली दोन बिस्किटं काढून पुढे केली.

"घ्या साहेब. दरवर्षी ठेवतो. कोणी घेत नाही."

"नको," सुमंत म्हणाला. नियम मोडल्याचं त्याच्या नंतर लक्षात आलं. आधी लक्षात आला तो पडदा. १.४.

"अहो, एक तरी."

"नको नको."

१.९.

हा चढ त्याने पाहिलेला होता. ताटाखाली, मांडीवर, तीन दिवस.

तो खाली बसला. "मास्तर, त्या चौघांना का मारायचं होतं?"

"मला?" मास्तरांनी मागे वळून पाहिलं, जणू मागे आणखी कोणी उभं असावं. "मी रस केला होता साहेब. पहाटे उठून. आले घालून. कधी नव्हे ते सगळे पितील म्हणून."

"त्या सकाळचं काय आठवता तुम्ही?"

"हेच. कुळकर्णीबाईंनी अर्धा ग्लास ठेवला होता. मी म्हटलं, बाई, संपवा की. तेवढं एकच वाटत होतं बघा, की सगळ्यांनी संपवावा. कोर्टात विचारलं, तेव्हाही मी हेच सांगितलं."

"कडू होता का?"

"दुधी असतो एखादा कडू. विषारी असतो म्हणे तसला. मला तेव्हा काय ठाऊक?"

"कोणी बोललं नाही?"

"कसं बोलतील? क्लबचा नियम होता. जो तोंड वाकडं करील त्याने पुढे येऊन एकट्याने सिंहासारखं हसायचं. बायकांना फार संकोच वाटायचा."

"आणि तुम्ही का नाही प्यालात?"

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. शिकल्यासवरल्या माणसाने असं विचारावं? "आधी पाहुणे, साहेब," ते म्हणाले. "मला ठेवलं होतं मी मागे. तोवर आरडाओरडा झाला."

बिस्किटं अजून पुढेच होती. एका बाजूला हिरवट डाग होता. सुमंतने विचार केला : हा माणूस खोटं बोलत असेल, तर आपण त्याचे पाचवे. खरं बोलत असेल आणि आपण खाल्लं नाही, तर ते कधी कळणारच नाही आणि सोमवारी मावशी दोन साड्या घेऊन जाणार. त्याने डोळे मिटले आणि बिस्किट तोंडात टाकलं. ते सादळलेलं होतं आणि त्याला साबणाची चव होती. त्याने चावलं, गिळलं, डोळे उघडले.

०.०.

मास्तरांचा चेहरा असा निवला होता, की सुमंतला बघवेना. "बरं होतं ना?" ते म्हणाले. "दुसरं घ्या."

०.७.

सुमंतने दुसरंही खाल्लं.

शुक्रवारी सकाळी तो जिवंत होता. हा एक पुरावा झाला. त्याने ताटात मावशीला तीन भाकऱ्या वाढायला लावल्या, त्या खाल्ल्या, आणि मापक पहिल्यांदाच शून्यावर आलेला पाहिला. "आज काय झालं तुला?" मावशीने डोळे पुसत विचारलं. "ऑफिसात चौकशी लागलीय का?"

त्याने सहा पानी अहवाल लिहिला. आपण दहा वर्षं मोजतो आहोत तो खुनाचा हेतू नाही. तो आग्रह आहे. खात्याने जे चौदा हजार लोक निरीक्षणगृहात ठेवले, ते दुसऱ्याने पोटभर खावं एवढीच इच्छा धरून बसलेले लोक आहेत. प्रमाण रद्द करावं, गोडांबे मास्तरांना सोडावं, सोमवारच्या नोटिसा थांबवाव्यात. मुख्य नियंत्रकांची एक सही पुरे होती.

मुख्य नियंत्रक देशिंगकर मॅडम यांच्या खुर्चीमागे त्यांचा स्वतःचा दाखला चौकटीत लावलेला होता. ०.००. राज्यात असा दुसरा नव्हता. सुमंत सहा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. त्या कोणावर रागावत नसत. दिवाळीला सगळ्यांना एकसारखं शुभेच्छापत्र देत. त्यांच्या आधीचे दोन नियंत्रक एकापाठोपाठ एक हृदयविकाराने गेले, तेव्हा दोन्ही वेळा शोकसभेत सगळ्यात नेटकं भाषण मॅडमचंच झालं होतं.

ही शेवटची गोष्ट सुमंतला या खोलीत यायच्या आधी कधी विचित्र वाटली नव्हती.

मॅडमनी सहाही पानं वाचली. कागद सरळ केले, त्यावर कोपर ठेवलं.

"चांगलं लिहिलंयस. कोणाला दाखवलंस?"

"नाही मॅडम. आधी तुम्हालाच."

"प्रत?"

"एकच आहे."

बोलल्यावर त्याला वाटलं, हे बोलायला नको होतं.

"म्हणजे बघ," मॅडम म्हणाल्या, "आग्रह करणाऱ्यांना आपण आत ठेवलं, असं तुझं म्हणणं. मग बाहेर कोण राहिलं?"

"ज्यांना कोणी जेवलं काय अन् न जेवलं काय, सारखंच."

"हं." त्या उठल्या, दार लोटलं, कपाटातून स्वतःचा थर्मास काढला आणि एक कप भरून त्याच्यासमोर ठेवला. "चहा घे."

सहा वर्षांत हा पहिला चहा. सुमंतचा मापक फाइलखाली चालूच राहिला होता. त्याने फाइल बोटभर सरकवली.

०.००.

"घे ना. गार होतोय."

०.००.

खिशातला फोन थरथरला. मावशीचा निरोप होता : पुरणपोळ्या करतेय, किती खाणार ते आत्ताच सांग.

"आधी तुम्ही घ्या, मॅडम," सुमंत म्हणाला.

"छे रे," मॅडम गोड हसल्या आणि कप आणखी थोडा पुढे सरकवला. "आधी पाहुणे."

सुमंतने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. कालच त्याने स्वतः तपासून शिक्का मारला होता. अहवाल मॅडमच्या कोपराखाली होता, सोमवार तीन दिवसांवर होता आणि चहाला आल्याचा फार छान वास येत होता. समोरच्याने तो प्यावा, अशी ज्याला तिळभरही ओढ नाही, तो माणूस दुसऱ्यांदा कप पुढे का सरकवतो?