मागची धाप

धावण्याशी माझा संबंध बस पकडण्यापुरताच होता, आणि तीही बहुतेक वेळा सुटायची. शाळेत खेळाच्या तासाला मी पोटदुखीचं निमित्त काढून बाकावर बसायचो. माझी थोरली बहीण मात्र त्याच शाळेत पुढे खेळाची शिक्षिका झाली. गळ्यात शिट्टी अडकवून ताई पोरांना मैदानभर पळवायची, आणि मी बसून लोकांचे कान तपासायचो.

कान तपासणं हा खरोखरच बैठा धंदा आहे. दवाखान्याच्या मागच्या अंगाला माझी खोली, आणि त्या खोलीत आणखी एक छोटी खोली. जाड दार, भिंतींना फोम, आत एका खुर्चीपुरती जागा. माणसाला तिथे बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि दार लावून घ्यायचं. काचेच्या अलीकडे बसून मी बारीक बारीक आवाज सोडतो. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, मग माझ्यासमोरचा दिवा लागतो. आतल्या माइकमुळे त्याचं बोलणं मला ऐकू येतं. त्या शांततेत बऱ्याच जणांना नसलेले आवाज ऐकू येतात आणि ते घाबरतात. मी त्यांना सांगतो, कान रिकामा बसत नाही, काही मिळालं नाही तर स्वतःच काहीतरी तयार करतो. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की माझा त्यावर पक्का विश्वास होता.

मग ताईचं यकृत निकामी व्हायला लागलं. व्यसन नाही, काही नाही. शरीर स्वतःवरच उलटलं, असं सर्जनबाई म्हणाल्या. दुसऱ्या कुणाच्या तरी यकृताचा तुकडा बसवणं हा एकच उपाय होता. घरात रक्तगट माझा जुळला. मी लगेच तयार झालो. सर्जनबाईंनी माझ्या पोटाचा स्कॅन बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमची द्यायची इच्छा आहे हो, पण देण्यासारखं काही दिसत नाही. यकृतावर नुसती चरबी आहे. ती उतरवा, मग बघू."

"आणि ताईकडे किती वेळ आहे?"

"तीनेक महिने. उगाच खोटी आशा लावत नाही."

घरी येताना ताई गाडीत खिडकीबाहेर बघत बसली होती. दार उघडताना म्हणाली, "उद्या सकाळी मैदानावर यायचं. मी पण येणार. तुला एकट्याला सोडलं तर तू फाटकावरूनच परत फिरशील."

मैदान साधंच होतं. लंबगोल मातीची वाट, मध्ये गवत, एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या आणि त्यांच्यासमोर एक लाकडी बाक. भावोजी ताईला गाडीतून सोडून कामाला जायचे. ती बाकावर शाल गुंडाळून बसायची. डोळे पिवळे झालेले, हातांच्या काड्या झालेल्या, पण गळ्यात शिट्टी होतीच.

पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीतच माझा जीव मेटाकुटीला आला. बरगडीखाली कळ, तोंडाला कोरड, कानशिलांत घण. वर ताईची शिट्टी.

"पाय उचल, बोक्या! उजवा पाय उचल!"

उजवा पाय ओढायची मला लहानपणापासून सवय. माझ्या चपला नेहमी त्याच बाजूने झिजायच्या, आणि त्यावरून ताईनं आयुष्यभर माझी टर उडवली होती. मी चालत, थांबत, धावत फेरी पुरी करत होतो तेव्हा मागून पावलं ऐकू आली. धप्, खर्र. धप्, खर्र. सोबत फुटक्या भात्यासारखी धाप. माझ्याहून ढिला कुणीतरी या जगात आहे हे कळून मला इतकं बरं वाटलं की मी थोडा वेगही वाढवला.

बाकाजवळ येऊन कोसळलो. "निदान शेवटचा तरी नाही मी," म्हटलं.

"हो, तो जाडा ना? त्याची अवस्था तुझ्यापेक्षा वाईट आहे बिचाऱ्याची."

मी वळून पाहिलं. वाट रिकामी होती. "गेला कुठे?"

"आत्ता तर होता. पायऱ्यांमागे नाडी बांधायला बसला असेल."

पुढे रोज तसंच व्हायला लागलं. मी पळतोय, मागे तो. मी वळलो की कुणी नाही, आणि ताईकडे प्रत्येक वेळी एक साधंसुधं कारण. आता पाणी प्यायला गेला. आता झाडाआड गेला. काही दिवसांनी मला राहवेना. सर्जनबाईंना विचारलं तर म्हणाल्या, या आजारात रक्तातली घाण डोक्यापर्यंत पोचते, त्यांना नसलेलं दिसू शकतं, हुज्जत घालू नका. ताईचं कोडं सुटलं. माझं राहिलं.

एका दुपारी शेवटचा रुग्ण गेल्यावर मी स्वतःच त्या छोट्या खोलीत बसलो. यंत्र आपोआप आवाज सोडेल असं लावून ठेवलं होतं. कान ठणठणीत निघाले. नंतर हेडफोन काढून तसाच बसून राहिलो. धाप ऐकू आली असती तर मी सुटलो असतो, कानाचे खेळ म्हणून मोकळा झालो असतो. पण आत काहीच नव्हतं. तो आवाज मैदानावरच होता, माझ्या डोक्यात नव्हता.

धावणं थांबवायचा विचार आला होता. खोटं कशाला बोलू, रोज येत होता. पण ताई आता बाकापर्यंत भावोजींच्या आधाराने यायची आणि बसल्यावर बराच वेळ डोळे मिटून घ्यायची. मग शिट्टी ओठांत धरायची. फुंकर पुरायची नाही, तरी धरायची. ते बघितलं की पाय आपोआप चालू लागायचे.

अंग हलकं होत गेलं. विजार कमरेवर राहीना. धावताना घालायचा माझा राखाडी शर्ट इतका ढगळ झाला की ताईनं तो फाडून खिडक्या पुसायला फडकी केली. उजवा पाय उचलला जाऊ लागला. आणि मागची पावलं लांब जायला लागली. आधी पंधरा-वीस हात, मग वळणामागे, मग वाऱ्याची दिशा फिरली तरच ऐकू येतील इतकी. मला हायसं वाटलं. दोन दिवस मी घरात चक्क गुणगुणत होतो.

"तो फार मागे पडला रे," ताई एकदा म्हणाली. "तुझं वजन उतरतंय आणि त्याचं वाढतंय. आज माझ्याशेजारी येऊन बसला होता. मी सरकून जागा दिली."

"बोलला काही?"

"नुसता धापा टाकत होता. मग म्हणाला, तो माझ्यासाठी थांबतच नाही."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, त्याला वेळ नाही बाबा. त्याला मला वाचवायचंय." ती हसली. "शर्ट मात्र सेम तुझ्यासारखा आहे हं. राखाडी."

हुज्जत घालायची नव्हती. मी बुटाची नाडी पुन्हा बांधली.

गोल वाटेबद्दलची एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. जो मागे पडत जातो, तो शेवटी आपल्या पुढे येतो.

शेवटच्या स्कॅनच्या आदल्या सकाळी धुकं होतं. बाकावरची ताई जवळ गेल्यावरच दिसायची. माझा श्वास एकसारखा चालला होता. दुसऱ्या फेरीत बाकाजवळच्या वळणावर आवाज आला, आणि मी सवयीने मागे बघितलं.

आवाज मागून येत नव्हता.

धप्, खर्र. धप्, खर्र.

समोर धुक्यात एक रुंद पाठ होती. राखाडी शर्ट घामानं चिकटलेला. उजवा पाय मातीत ओढला जात होता आणि मागे ओळ उमटत होती.

मी वेग कमी केला. त्यानंही केला. अंतर तेवढंच राहिलं, मग कमी झालं. तो माझी वाट बघत होता.

बाकावरून ताईचा आवाज आला. एवढा मोठा आवाज तिच्यात उरलाय हे मला माहीत नव्हतं. "गाठलास त्याला! बोक्या, टाक मागे!"

मला फार भीती वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. थांबलो असतो तर चाललं असतं, एका दिवसानं स्कॅन बदलला नसता. पण ताई बाकावरून उठून उभी राहिली होती. एकटी, आधाराशिवाय. तिनं शिट्टी वाजवली, आणि ती खरंच वाजली.

मी धावलो.

त्याच्या बरोबरीला आलो तेव्हा डोळे मिटून घेतले. घामाचा वास ओळखीचा होता.

"थांब ना," तो म्हणाला. "मला पण ने."

लोकांना स्वतःचा आवाज बाहेरून ओळखू येत नाही. मला येतो. तपासणीसाठी शब्द बोलून ठेवलेली ध्वनिफीत माझ्याच आवाजात आहे, आणि मी ती रोज ऐकतो.

मी थांबलो नाही.

त्यानंतर मैदानावर काही ऐकू आलं नाही. स्कॅन बघून सर्जनबाईंनी माझी पाठ थोपटली. माझ्या यकृताचा मोठा तुकडा ताईच्या पोटात गेला. माझी जखम भरली, तिचीही भरली. तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला, गालांवर मांस आलं, भावोजींवर ओरडणं सुरू झालं. घरात हसू परतलं. त्या जाड्याचा विषय ना तिनं काढला, ना मी. ती आजारात बडबडलेलं सगळं विसरली असावी असं मी धरून चाललो होतो.

काही औषधांनी कानांवर परिणाम होतो, म्हणून सर्जनबाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं. एरवी मला कधी मिळणार ताईला खुर्चीवर बसवून हुकूम सोडायची संधी? मी तिला बटण दिलं, हेडफोन चढवले, चुपचाप बसायची ताकीद दिली. तिनं जीभ दाखवली. मी दार लावलं.

काचेमागून ती छान दिसत होती. मी कागदावर तारीख घातली आणि यंत्राकडे वळलो.

दिवा लागला.

"ताई, घाई नको. मी अजून आवाज सोडला नाहीये."

"मग हा कसला येतोय?"

दिवा विझला. पुन्हा लागला. एकदा क्षणभर, एकदा रेंगाळत. एकदा क्षणभर, एकदा रेंगाळत. ऐकू येईल तसं ती मन लावून बटण दाबत होती. मी आवाजाच्या कळीकडे बघितलं. ती शून्यावर होती.

"कसला आवाज आहे?"

"पळतंय कुणीतरी. पाय मात्र उचलत नाही मेला." ती हसली. "लांब आहे अजून."

"हेडफोन काढ, ताई."

तिनं काढले. बटण मांडीवर ठेवलं. दिवा विझला तो विझलाच. मी माइकचा आवाज वाढवला. ताईचा श्वास ऐकू आला, शांत, निरोगी. आणि त्याच्या खाली दुसरा, जड, खूप पळून आल्यावर येतो तसा.

ताईनं मान वळवून शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. मग कुणाला बसायला जागा द्यावी तशी ती खुर्चीवर थोडी सरकून बसली.