नाव नसलेली मुळी

हौसाला एक कोडं पडलं होतं. डोंगरावर इतकी झाडं, एकेका झाडात शेकडो रस. मग तापावर लागू पडणारा रस कुठला, हे चाखून शोधायचं म्हटलं तर किती जन्म लागतील?

दर थंडीत तिच्या पाड्यावर विषाणूचा ताप येई आणि पाच वर्षांच्या आतल्या पोरांनाच धरी. गेल्या साली तिचा भाऊ गोमा त्यातून उठला, पण पाय लुळे घेऊन. आता झोळीत चार महिन्यांची बहीण सोनकी होती.

शहरातून आलेल्या शास्त्रज्ञ परुळेकर आजोबांनी पाड्याशेजारी प्रयोगघर थाटलं होतं. आत भर दुपारी संध्याकाळ असे आणि हवेत उजेडाची चित्रं तरंगत. आजोबांनी तिला विषाणूचं एक प्रथिन (सजीवांमध्ये नाना कामं करणारा मोठा रेणू, रेणू म्हणजे पदार्थाचा अगदी बारीक कण) दाखवलं. ढगाएवढं, निळसर, श्वास घेतल्यासारखं हलणारं. त्याच्या पोटात एक खोबण होती. आजोबा म्हणाले, ही विषाणूची कात्री. हिच्याशिवाय त्याला स्वतःच्या नकला करता येत नाहीत. खोबणीत घट्ट बसणारा छोटा रेणू मिळाला, की कात्रीत खडा अडकावा तसं होतं. संगणक वनस्पतींमधला एकेक रेणू घेई, हजार तऱ्हांनी वळवून खोबणीत बसवून बघे आणि गुण देई. जन्मांचं काम आठवड्यात.

पण संगणकाच्या यादीतल्या वनस्पती संपल्या तरी एकही रेणू नीट बसेना.

ठकूआत्याची मुळी यादीत नव्हती. आत्या पाड्याला औषध देई. ती मुळी उगाळून पाजली की ताप थोडा उतरे, जात मात्र नसे. आणि मुळीचं नाव परक्याला सांगितलं की तिचा गुण जातो, ही पिढ्यांची रीत. आजोबा तीनदा हात हलवत परतले होते.

हौसा आत्याच्या पडवीत जाऊन बसली.

"आत्या, नाव सांगूच नकोस. त्या यंत्राला नाव लागत नाही. ते नुसता आकार बघतं."

"आन् म्हातारा तुला इचारील तवा?"

"मला ठाऊकच नाही, तर काय सांगू?"

पोरगी वकील व्हायची, असं पुटपुटत आत्याने चिंधीत मुळीचा तुकडा बांधला आणि स्वतःच निघाली.

यंत्राने मुळीच्या अर्कातले रेणू वेगळे केले, त्यांचे आकार संगणकाला दिले. हवेत एक पिवळसर कण आला. फिरला, अडखळला, पुन्हा फिरला आणि पाखरू घरट्यात शिरावं तसा खोबणीत उतरला. निळा ढग हलायचा थांबला.

आजोबांनी नोंदीत नावाच्या जागी नुसती रेघ ओढली. मग सांगितलं, हे औषध नव्हे, अंदाज आहे. आता काचनळीत, मग पेशींवर, मग माणसांवर तपासायचं. पूर्वी याला दहा वर्षं लागत, आता तीन. तरी हाती काही लागेलच असं नाही. हौसाने बोटं मोजली. म्हणजे तीन थंड्या सोनकीला जपायचं.

आत्या अजून खोबणीकडेच बघत होती.

"डावीकडं जागा मोकळी ऱ्हायली की," ती म्हणाली. "ताप लई चढला तर हिच्यासंगं आमी एका झाडाची सालबी उगाळतो. उद्या आणते. तिचंबी नाव इचारू नका."