इकडे ये, लहाय

दुपारची पाळी सुरू झाली की तामा लहाय आधी खिसे रिकामे करायचा. किल्ल्या, नाणी, पट्ट्याचं बक्कल, सगळं लाकडी खोक्यात. ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांमधून इतकी वीज वाहायची, की शेडमध्ये खिशातली किल्ली आपोआप उभी राहायची आणि मनगटावरचं घड्याळ पहिल्याच दिवशी बंद पडायचं. नवखे कामगार हातावर खिळे उभे करून एकमेकांना दाखवायचे. तामा लहायला त्या गमतीचं हसू येईनासं झालं होतं.

त्याचं स्वतःचं नाव न्गाउ. पण कायान जमातीत माणसाला पहिलं मूल झालं की त्याचं नाव मागे पडतं. लहायचा बाप तो तामा लहाय, आई ती तिना लहाय. पोरगा सहा वर्षांचा, छातीने नाजूक. धाप लागली की त्याला वाफेच्या मशीनवर बसवावं लागे, आणि मशीन चालायचं विजेवर. तिथेच तर मेख होती.

वीज कारखान्याची होती. नदीवर धरण झालं, त्यात तामा लहायचं गाव बुडालं, माणसं उचलून डोंगरापलीकडच्या वसाहतीत नेऊन टाकली आणि धरणाची वीज मोठ्या तारांवरून थेट समुद्रकाठच्या या भट्ट्यांकडे आली. अख्ख्या शहराला पुरेल एवढी वीज एकटा कारखाना गिळायचा. ती काही तास बंद पडली तर भट्ट्यांतला रस गोठून दगड होतो, म्हणून वीज कमी पडली की आधी गावं बंद करायची. भट्ट्या कधीच नाहीत. ज्यांच्या घरांवरून पाणी गेलं, त्यांच्याच घरी पहिला काळोख. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि भट्ट्यांचा विजेचा भार चढवायचं-उतरवायचं चाक शेडला लागून असलेल्या खोलीत, तामा लहायच्या टेबलावर होतं. रोज त्याच हाताने तो घास खायचा.

त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बायकोचा फोन आला.

"वीज गेलीय. पोराला धाप लागलीय."

"शेजाऱ्यांचा जनरेटर?"

"त्यांच्याकडे डिझेल नाही. तू येतोस का?"

साहेबाने रजा दिली नाही. "तुझ्या पोराला धाप लागली म्हणून कारखाना थांबवू का?" म्हणाला.

कायान लोक रविवारी चर्चमध्ये जातात, पण आजारी मुलाचा जीव अंगातून निघून भटकतो, ही समजूत काही सुटलेली नाही. मग बापाने घराच्या दारात उभं राहायचं, मूठभर भात हातात धरायचा आणि जीवाला हाक मारून परत बोलवायचं. तामा लहायकडे घराचं दार नव्हतं. डब्यात भात होता. तो शेडमध्ये भट्ट्यांच्या दोन रांगांमध्ये उभा राहिला, नदीकडे तोंड केलं आणि जीव खाऊन ओरडला, "लहाय! इकडे ये! बापापाशी ये!"

भट्टीवर काम करणारा अपाय लुलोंग हसला. तो इबान जमातीचा, खालच्या नदीकाठचा. त्यांच्यातही हीच रीत, तान्ह्या लुलोंगचा बाप म्हणून अपाय लुलोंग.

"पोराला बोलावतोयस की भट्टीला?"

"हस लेका. तुझी पोरगी आजारी पडली की बघतो कसा हसतोस ते."

संध्याकाळी बायकोने कळवलं की धाप थांबली, पोरगा शांत झोपलाय. तामा लहायचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवसापासून काटा हलू लागला.

टेबलावरचा भार दाखवणारा काटा एरवी खिळ्यासारखा एका जागी असायचा. आता तो जरासा चढायचा, थबकायचा, उतरायचा. इंजिनिअरने काचेवर टिचकी मारली, मग यंत्रच बदललं. नवा काटाही तसाच हलला. धरणवाले म्हणाले, आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमचंच तपासा. शेडमध्ये भट्टीतल्या रसावरची पांढरी साय हळूच फुगायची आणि बसायची. खोक्यातल्या किल्ल्या उभ्या राहायच्या, आडव्या व्हायच्या, परत उभ्या राहायच्या. कामगार तिथे डबा खायला बसेनासे झाले.

"ही भट्टी घोरते की काय रे?" अपाय लुलोंगने विचारलं.

तामा लहायने कान दिला. आवाज वर चढत होता, टोकाला दोनदा अडखळत होता आणि बारीक शीळ घालत खाली येत होता. पोराच्या जन्मापासून तो या आवाजाशेजारी झोपला होता.  कुणाला काही न सांगता तो टेबलाशी जाऊन बसला.

घरी, वसाहतीत, लहाय जेवत होता, चालत होता, पण बोलायचा बंद झाला होता. वसाहतीतल्या उबुंग म्हातारीला असल्या गोष्टी कळायच्या. तामा लहायने तिला फोन लावला.

"कुठे उभं राहून हाक मारलीस?" तिने विचारलं.

"कामावर."

म्हातारी म्हणाली, "मूर्खा, जीव हाकेला येतो. बोलावशील तिथे येतो."

"मग घरी पाठव ना त्याला, मावशी!"

"कुठून पाठवू? त्या जागेला दारच नाही."

शुक्रवारी दुपारी पुन्हा वीज कमी पडली. वसाहत बंद झाली. तामा लहायने ताबडतोब घरी फोन लावला.

"मशीन चालू आहे," बायको म्हणाली.

"वीज आली?"

"नाही. सगळी वसाहत बंद आहे. मशीनची वायर माझ्या हातात आहे, तामा लहाय. मशीन चालू आहे."

"आणि पोरगा?"

"डोळे उघडे आहेत. मशीनबरोबर श्वास घेतोय."

त्याने काट्याकडे पाहिलं. भार उतरवला तर पोर सुटेल, एवढं एकच त्याच्या डोक्यात आलं. त्याने चाक खाली फिरवलं. काटा खाली आला.

"काय केलंस?" बायको किंचाळली. "मशीन मंद झालं! ओठ निळे पडतायत त्याचे!"

त्याने दोन्ही हातांनी चाक वर चढवलं.

"घेतोय," ती रडत होती. "घेतोय श्वास."

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. वीज केंद्रातली बाई होती. "दादा, थोडा भार उतरवा हो. नाहीतर खालची नदीकाठची गावं बंद करावी लागतील. तिथे दवाखाना आहे."

कारखान्याला कुणीतरी असं विचारावं आणि कारखान्याने हो म्हणावं, याची त्याने वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. नाही म्हणणाऱ्या साहेबांना रोज शिव्या घातल्या होत्या.

"उतरवणार नाही," तो म्हणाला.

"दादा, दवाखाना..."

"करा बंद."

साहेब मागे उभा होता. त्याने तामा लहायची पाठ थोपटली. "शाब्बास! आता कामाला लागलास."

थोड्या वेळाने अपाय लुलोंग आत आला. घामाने डबडबलेला. हाताला भाताची शितं चिकटलेली.

"लुलोंग दवाखान्यात आहे रे. सकाळपासून ताप. आता तिथली वीजही गेली."

तामा लहायचे दोन्ही हात चाकावरच होते.

"तुला हसलो होतो मी," अपाय लुलोंग ओशाळून म्हणाला. "पण आत्ता तुझ्यासारखंच केलं. शेडमध्ये उभा राहिलो आणि..."

तामा लहाय ताडकन उठला. 

काट्यावर लहायचा श्वास चढत होता, उतरत होता. मध्येच काट्याने एक बारीकसा झटका घेतला. मग अजून एक.

अपाय लुलोंगने मान तिरकी करून शेडकडे कान लावला. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "उचकी लागलीय तिला. भूक लागली की अशीच लागते."